नाल्यापलीकडचे खाचर

डहाणू
८ जानेवारी २०१८

चि. दक्षा हीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. फोन न करता लिहिलेस हे बरे केलेस. फोनवरचे बोलणे मला पुन्हा वाचून तपासता येत नाही. आणि सावरपाड्यात रेंजसाठी टेकडी चढलेल्या माणसाने धापा टाकत सॉफ्टवेअरविषयी विचारावे, हेही योग्य नाही.

प्रथम आपल्याला काय सिद्ध करायचे आहे ते निश्चित करू. पाड्यातील चौदा कुटुंबांचे वनहक्काचे दावे एकदा फेटाळले गेले. अपिलाची सुनावणी एप्रिलअखेर आहे. कागद कोणाकडेच पुरेसे नाहीत. म्हणून ज्येष्ठांचे जबाब हाच आधार. मागच्या वेळी तेही टिकले नाहीत, कारण कागदी नकाशा पुढे ठेवल्यावर तुळशीने आपले भाताचे खाचर म्हणून डांबरी रस्त्यावर बोट ठेवले. तिला खाचर ठाऊक आहे, नकाशा नाही. म्हणून टेकडी, नाला, विहीर यांसह पाड्याची लाकडी प्रतिकृती करून ती त्यांच्या हाताखाली द्यावी, ही तुझी कल्पना मला मान्य आहे. त्यासाठी चांगली नोकरी सोडून घरी यंत्र बांधायला बसणे मात्र मला अजून समजलेले नाही. निर्णय तुझा आहे. मी मत देत नाही.

आता सॉफ्टवेअर. तू तीन पर्याय मांडलेस. पहिला, कारखान्यांत चालते ते महागडे, ज्याची कुलूप तोडलेली प्रत तुझा मित्र संदीप पेन ड्राइव्हवर द्यायला तयार आहे. दुसरा, इंटरनेटवर चालणारे. तिसरा, इंकस्केपसारखे मुक्त सॉफ्टवेअर, जे तुझ्याच शब्दांत ‘थोडं अडखळत चालतं’. दुसरा पर्याय तुझ्या टेकडीनेच निकालात काढला आहे. पहिल्यावर माझा आक्षेप नैतिक आहे, पण तेवढ्याने तुझे समाधान होणार नाही, म्हणून तर्काने सांगतो. जो विरुद्ध पक्षालाही उघडून तपासता येतो, तोच पुरावा. उद्या सुनावणी घेणाऱ्या समितीने विचारले, ‘ही टेकडी येथे कशावरून?’ तर तुझी फाइल त्यांच्या संगणकावर, काहीही विकत न घेता, उघडली पाहिजे. अडखळण्याने तुझा वेळ जाईल. पुराव्याचे मोल कमी होणार नाही. म्हणून तिसरा.

सोबत टोपोशीटची, म्हणजे समान उंचीच्या रेषा असलेल्या सरकारी नकाशाची, प्रत पाठवीत आहे. माझ्याकडे ही एकच आहे, जपून वापर.

तुझ्या आईला, पुतळीला, माझी आठवण सांग.

चिमणमामा

*

सावरपाडा
४ फेब्रुवारी २०१८

ती. मामा, नमस्कार.

तुमचं पटलं. संदीपला नाही पटलं. तो म्हणतो, “तुझे मामा कॉपी करू देत नाहीत. ही काय परीक्षा आहे?” मी म्हटलं, त्यांच्याकडे सगळीच परीक्षा असते. हे तुम्हाला लिहू नको असं आई म्हणाली, म्हणून लिहिलं.

यंत्र उभं राहिलं! सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा. सरकायला टेबलाच्या ड्रॉवरची चॅनलं. फिरवायला आट्यांच्या सळया, आणि सळयांना ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटरी, त्यातल्या दोन भंगारातल्या प्रिंटरच्या. कापायला सुताराचा ट्रिमर. लॅपटॉप रेषेचे आकडे एका छोट्या बोर्डाला देतो, बोर्ड मोटरींना सांगतो, मोटरी सळया फिरवतात. एवढंच आहे ते. पण पहिल्यांदा आपोआप सरकलं तेव्हा आई म्हणाली, “ह्याला भूक लागली की काय खातं?” खातं प्लायवूड, आणि भुसा सगळ्या पडवीभर. कोंबड्यांना तो भुसा इतका आवडला आहे की दोघी त्यातच अंडी घालतात.

पडवीत जागा एकच मिळाली. यंत्राचं तोंड भिंतीकडे, कारण बोर्ड लाइटच्या बटणाजवळच ठेवावा लागला. मी मागच्या बाजूने उभी राहते. सवय झाली आता.

इंकस्केपमध्ये टोपोशीटवरच्या समान उंचीच्या रेषा गिरवते आहे. एका रेषेचा एक थर, सहा मिलिमीटरच्या प्लायचा. थरावर थर रचला की टेकडी. प्रत्येक खाचराच्या जागी भोक, त्यात रंगवलेल्या नंबराची खुंटी. अक्षरं कापत नाही. माझं कापायचं बिट जाड आहे, आणि वाचणार कोण?

नोकरी का सोडली ते तुम्ही विचारलं नाही, पण विचारल्यासारखं लिहिलंत. उंबरगावच्या कारखान्यात चार वर्षं मी दुसऱ्याने काढलेल्या रेषांवर यंत्र चालवलं. ती वस्तू काय आहे, कुठे जाते, कधी कळलं नाही. इथे रेषेला हात लावला की कळतं, ही धाकल्याकाकांच्या बांधाची कड.

यंत्र बरोबर कापतंय हे कसं तपासू ते कळवा.

दक्षा

*

डहाणू
१५ फेब्रुवारी २०१८

चि. दक्षा,

तुझ्या कारणाचा मी विचार केला. ते कारण आहे, हे मान्य करतो.

यंत्राची परीक्षा अशी घे. प्रथम दोनशे मिलिमीटर बाजूचा चौरस काप. चारही बाजू मोज; त्या समान असतील तर दोन्ही दिशांचे माप सारखे आहे. मग कर्ण मोज. बाजू समान आणि कर्णही समान असतील, तरच कोन काटकोन आहेत. एका कर्णात दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे तुझा सांगाडा तिरका आहे. नंतर वर्तुळ काप आणि त्याचा व्यास चार दिशांनी मोज. दिशा बदलताना सळईत सूट, म्हणजे ढिलेपणा, राहत असेल, तर वर्तुळ तेथे चपटे निघेल. शेवटी समभुज त्रिकोण. त्याच्या बाजूंवरून दोन्ही दिशांच्या मोटरी एकत्र चालताना एकमेकींना सांभाळतात की नाही हे कळेल. अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक कोठेही चालणार नाही.

या तीन आकृतींतून उत्तीर्ण झालेले यंत्र जे कापील ते नकाशाशी जुळलेच पाहिजे. मी चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. यात पळवाट मला दिसत नाही.

चिमणमामा

*

सावरपाडा
२२ मार्च २०१८

ती. मामा, नमस्कार.

चौरस पहिल्यांदा नापास, कर्णात तीन मिलिमीटर. पाचर घालून सांगाडा सरळ केला. मग पास. वर्तुळ पास. त्रिकोण पास. तिन्ही लाकडं तुम्हाला पाठवते आहे, तुम्ही पुन्हा मोजणारच.

प्रतिकृती तयार झाली. अकरा थर, लांब बोल्टांनी घट्ट आवळलेले. काल ओट्यावर ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं. मामा, मागच्या वेळी कागदासमोर गप्प बसलेली माणसं काल भांडत होती! तुळशीआजीचं बोट विहिरीच्या खड्ड्यात गेलं तशी ती म्हणाली, “ही विहीर. हिच्या खाली धाकल्या. धाकल्याला लागून मी.” खुंटी बरोबर. धाकल्याकाका बरोबर. लक्ष्याकाकांनी टेकडीचा पायथा धरला आणि थेट सातवर आले.

हिरीआजीचं मात्र जमलं नाही. तिने विहीर शोधली नाही, टेकडी शोधली नाही. सावरीच्या झाडापाशी बोट ठेवलं आणि बोटाने चालायला लागली. “इथून निघाली. हा नाला. ओलांडला. आता उजव्या हाताला माझं खाचर.” आणि बोट सातवर. लक्ष्याकाकांच्या.

लक्ष्याकाका म्हणाले, “हिरीवहिनी, माझ्या भातात काय शिरतेस?”

“तुझ्या भातात शिरायला भात तर दिसू दे! सगळं तणच.”

सगळे हसले. मी तिला तीनदा करायला लावलं. तीनदा सातवर. तिची खुंटी नऊ आहे, वाटेच्या दुसऱ्या अंगाला. चौथ्यांदा तिने हातच लावला नाही. म्हणाली, “तुझा डोंगर येडा आहे, पोरी. माझा पाय येडा नाय.”

तुम्हाला माहीत आहे, तिच्याकडे एकही कागद नाही. तिचा स्वतःचा जबाब गेला तर तिच्या दाव्यात काहीच उरत नाही. सगळे जबाब जसेच्या तसे लिहून पाठवते आहे. प्रतिकृती संदीप मोटरसायकलवरून आणून देईल. काय करायचं ते सांगा.

दक्षा

*

डहाणू
३ एप्रिल २०१८

चि. दक्षा,

प्रतिकृती आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. कामाची स्वच्छता पाहून मला समाधान वाटले. हा शब्द मी सहसा वापरत नाही, हे तुला माहीत आहे.

दावेदार ज्येष्ठांच्या जबाबांना एका बाहेरच्या, शिकलेल्या माणसाची पुष्टी हवी होती. ती मी दिली आहे. माझ्या निवेदनाचा मसुदा असा: ‘माझा जन्म सावरपाड्यात झाला असून वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत मी तेथे राहिलो. सदर प्रतिकृती मी बारकाईने पाहिली. ती माझ्या स्मरणाशी जुळते.’ टोपोशीट तुझ्याकडे असल्याने मी स्मरणावरच अवलंबून राहिलो. तसे पाहता तेच अधिक वजनदार. निवेदन कार्यालयात दाखल केले असून चौदाही दाव्यांना ते लागू आहे.

आता हिरी. प्रश्न कठीण आहे, उत्तर कठीण नाही. तीन साक्षीदारांनी प्रतिकृतीवर आपापले स्थान अचूक दाखवले. त्यांची विधाने एकमेकांशी जुळतात आणि तुझ्या खुंट्यांशीही जुळतात. चौथी साक्षीदार एकटी वेगळे सांगते, आणि तिचे म्हणणे मानले तर ती लक्ष्याच्या जमिनीवर हक्क सांगते असा अर्थ होतो. मग एक तर तिघे, प्रतिकृती आणि यंत्र एकाच वेळी चुकीचे. नाही तर हिरी चुकीची. पहिला पक्ष स्वीकारायला कोणताही आधार नाही. तिचे वय पाहता स्मृती क्षीण होणे स्वाभाविक आहे. यात तिचा अवमान नाही.

तिचा जबाब आहे तसा ठेवला तर समिती त्यावर बोट ठेवून उरलेले तेरा दावेही संशयास्पद ठरवील. म्हणून ज्येष्ठ साक्षीदारांच्या यादीतून तिचे नाव मी वगळले आहे. तिच्या दाव्यासाठी अन्य काही पुरावा मिळतो का पाहा. मिळेल असे मला वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

प्रतिकृती संदीपबरोबर परत पाठवीत आहे.

चिमणमामा

*

सावरपाडा
११ एप्रिल २०१८

ती. मामा,

तुमचं पत्र मी हिरीआजीला वाचून दाखवलं. ‘स्मृती क्षीण’ म्हणजे काय ते तिने विचारलं. मी सांगितलं. ती उठली, कोयता कमरेला लावला आणि म्हणाली, “चल.”

सावरीपासून आम्ही चाललो. ती पुढे, मी मागे. नाला ओलांडल्यावर थांबली आणि म्हणाली, “हात पसर. दोन्ही.” मी पसरले. “जेवतेस त्या हाताकडे बघ.” बघितलं. तिचं खाचर होतं, मामा. बांधावर तिने लावलेली तूर अजून उभी. दुसऱ्या हाताला लक्ष्याकाकांचं. मी त्या वाटेने हजारदा गेले असेन, पण मला कधी सांगावं लागलं नव्हतं की कुठल्या हाताला.

घरी येऊन प्लायच्या तुकड्यावर ‘द’ कापला. इतके दिवस एकही अक्षर कापलं नव्हतं. ‘द’ उलटा आला. आरशात दिसतो तसा.

एका मोटरीची वायर उलटी जोडली गेली होती. माझी चूक. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला खटकलंही होतं, ते मी तुम्हाला लिहिलं नाही. उजवीकडचं बटण दाबलं की यंत्र माझ्या उजवीकडे जायचं, आणि पुढचं बटण दाबलं की पुढे जायच्या ऐवजी माझ्याकडे यायचं. मी मनाला सांगितलं, मी मागे उभी आहे, म्हणून माझ्याकडे येतं. पण मी मागे उभी असेन तर उजवंही डावीकडे जायला हवं होतं! अर्ध्या गोष्टीला मी मागे उभी होते आणि अर्ध्या गोष्टीला पुढे. मला यंत्र चालायला हवं होतं, म्हणून मी तेवढ्यावर समाधान मानलं.

तुळशीआजी आणि बाकीच्यांनी बरोबर कसं दाखवलं तेही आता कळतं. विहिरीच्या खाली, टेकडीला लागून, धाकल्याच्या बाजूला. आरशातसुद्धा विहिरीखाली तोच असतो. डावं-उजवं फक्त हिरीआजीने वापरलं.

सुनावणी २४ला आहे. तिचं नाव परत घाला.

एक विचारते, रागावू नका. प्रतिकृती आठ दिवस तुमच्यासमोर होती. तुम्ही तर इथलेच. तुम्हाला कसं नाही दिसलं?

दक्षा

*

डहाणू
१४ एप्रिल २०१८

चि. दक्षा,

तुझी चूक वायरीची. परीक्षेची चूक माझी आहे आणि ती मोठी आहे. चौरस, वर्तुळ, समभुज त्रिकोण: तिन्ही आकृती आरशात आहेत तशाच दिसतात. आरसा लांबी बदलत नाही, कोन बदलत नाही; तो फक्त डावे-उजवे बदलतो, आणि नेमका तो प्रश्न माझ्या परीक्षेत नव्हता. यंत्राने माझ्या प्रत्येक प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले. तिघांच्या एकमतालाही मी तीन पुरावे समजलो. तिघांनी एकाच पद्धतीने ओळखले असेल तर तो एकच पुरावा तीनदा मोजला गेला.

दुरुस्ती सोपी आहे. थर आरपार कापलेले आहेत. बोल्ट सोडव, प्रत्येक थर पालथा कर, त्याच क्रमाने पुन्हा रच. खुंट्यांचे आकडे दुसऱ्या बाजूने रंगव. प्रतिकृती सरळ होईल. हिरीचे नाव यादीत पुन्हा घालण्याचा अर्ज मी आजच लिहीत आहे.

माझ्या निवेदनाबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. ते मागे घेतले तर चौदाही दाव्यांचा बाहेरचा आधार जातो आणि ज्यांनी काही चूक केली नाही अशी तेरा कुटुंबे संकटात येतात. म्हणून त्यात ‘प्रतिकृती’ऐवजी ‘सुधारित प्रतिकृती’ एवढाच बदल करावा असे मला वाटते. निष्कर्ष सत्यच राहतो. शब्द तेवढा नेमका होतो.

चिमणमामा

*

सावरपाडा
१८ एप्रिल २०१८

ती. मामा,

थर पालथे केले. आता बरोबर आहे. आईने, तुळशीआजीने, सगळ्यांनी बघितलं.

तुमचं ‘सुधारित’ मी हिरीआजीला सांगितलं. वाद मला येत नाही तुमच्यासारखा, पण एवढं मला दिसतं. उलटी टेकडी तुमच्या स्मरणाशी जुळली. आता सरळ टेकडीही जुळणार. मग जुळण्याला अर्थ काय राहिला?

आणि ‘निष्कर्ष सत्यच राहतो’ असं तुम्ही लिहिलंत. हिरीआजीचं नाव तुम्ही कापलंत तेव्हाही ‘जुळते’ या शब्दाखाली तुमचीच सही होती.

तेरा घरांचं मलाही कळतं. ती माझीच माणसं आहेत, त्यातलं एक आईचं घर आहे. आईला विचारलं, काय करू. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “दादाला सांग, आम्ही कागदाशिवाय पन्नास वर्षं काढली. त्याच्या एका कागदाशिवाय मरणार नाही.”

हिरीआजी एवढंच म्हणते, “चिमण्याला विचार, माझं खाचर कुठल्या हाताला.” तुम्ही मागच्या पत्रात माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत, तेही तिने विचारलं. मी सांगितलं, मामांनी दिलं नाही.

दक्षा

*

डहाणू
२७ एप्रिल २०१८

चि. दक्षा,

सुनावणीच्या दिवशी तू प्रतिकृती आत पोहोचवलीस आणि तुला बाहेर थांबवले. संध्याकाळी बसच्या गडबडीत मी तुला फक्त ‘ठीक झाले’ एवढे सांगितले. ते उत्तर अपुरे होते. क्रमाने लिहितो.

२१ तारखेला, तू रंग आणायला तलासरीला गेली होतीस तेव्हा, मी पाड्यात येऊन गेलो. पुतळीला तुला सांगू नको म्हटले होते. ती पाळील अशी माझी अपेक्षा नव्हती, पण तिने पाळले असे दिसते. एकवीस वर्षांनी आलो. वाटेवर दोन ठिकाणी चुकलो. सावर मला ओळखता आली नाही. मी दुसऱ्याच एका झाडाखाली उभा होतो, तेथे हिरीने मला पाहिले.

“कोण रे? मोजणीवाला का?”

“मी चिमण.”

“चिमण्या!” तिने मला पायापासून वरपर्यंत पाहिले. “बूट घालून आलास. चल, पुढे हो. मी मागून येते.”

मी पुढे झालो. नाल्यापर्यंतची वाट पायांखाली होती, ती मी धरली. नाला ओलांडला आणि उजवीकडे वळलो. तूर दिसली. मी वळून तिच्याकडे पाहिले. तिने विचारले, “आठवलं, का दक्षाने सांगितलं?”

मी म्हणालो, “दक्षाच्या पत्रात होतं.”

“मग बस इथे थोडा,” ती म्हणाली. आम्ही बांधावर बसलो. तिने मला पाणी दिले.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. मला दिसले नाही, कारण पाहण्यासाठी माझ्याजवळ काहीच नव्हते. ‘माझ्या स्मरणाशी जुळते’ असे लिहिताना मी स्मरणाकडे गेलोच नाही. यंत्र तीन परीक्षांत उत्तीर्ण झाले होते, तीन साक्षी जुळत होत्या, आणि मी पाड्यात जन्मलो होतो; त्यावरून मला आठवत असलेच पाहिजे असे मी अनुमान केले. त्या अनुमानाला मी स्मरण म्हटले. मग त्याच्या बळावर, जिला खरोखर आठवत होते तिची स्मृती क्षीण ठरवली. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्यांत हा दोष मी लाल शाईने दाखवत आलो.

२४ला आत गेल्यावर मी प्रथम निवेदन मागे घेतले. ‘सुधारित’ हा शब्द घातला नाही. अध्यक्ष म्हणाले, “गुरुजी, तुम्ही स्वतः हे सांगता? मग या चौदा दाव्यांना आधार कोणाचा?” मी म्हणालो, “माझा नव्हताच. असल्याचा भास होता. तो काढून पाहा, काय उरते.” बाकावर लक्ष्या, धाकल्या, तुळशी बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकलो नाही.

मग हिरीला बोलावले. वय विचारले. ती म्हणाली, “तुझ्या खुर्चीपेक्षा जास्ती.” तिने अध्यक्षांना एकेरी संबोधले, कोणी हरकत घेतली नाही. तिने सावरीपाशी बोट ठेवले, नाला ओलांडला, उजवीकडे वळली आणि नऊवर थांबली. तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट आली आणि मी परवानगी मागून बोललो. म्हणालो, “तिघांनी ओळखले ते शेजारावरून, ही ओळखते चालण्यावरून. या दोन पद्धती एकमेकींवर अवलंबून नाहीत. हिला केवळ तिचे नव्हे, चौदाही खाचरे दाखवू द्या. आकडे झाकून.”

कारकुनाने खुंट्यांवर कागदाच्या टोप्या घातल्या. हिरीने पुन्हा सावरीपासून सुरुवात केली. “डाव्या हाताला पुतळी. चार पावलं पुढे, उजव्याला तुळशीचा बांध. इथे दगड आहे, वळसा घाल.” कोठे घाई केली नाही. एकदा मात्र थांबली, लक्ष्याकडे वळली आणि म्हणाली, “हे तुझं. तणाचं.” लक्ष्या म्हणाला, “हो, माझंच.” चौदा टोप्या काढल्या. चौदाही जुळल्या.

दाव्यांचा निर्णय झालेला नाही, हे स्पष्ट लिहितो. हिरीचा जबाब नोंदला गेला, तिचे नाव यादीत पुन्हा आले, आणि तिच्याच वाटेने सर्व खाचरांची स्थळपाहणी करावी असा समितीचा आदेश आहे. अनुकूल निष्कर्ष निघेल असे मानायला मला आता आधार दिसतो. मागच्या वेळीही मला असे वाटले होते, हे लक्षात घेऊन वाच.

यंत्राविषयी. ‘द’ कापलेला तुकडा फेकू नकोस. कोणत्याही यंत्राची पहिली परीक्षा त्या अक्षराने घे. आणि यंत्र भिंतीपासून सोडवून समोरून उभे राहता येईल असे ठेव. कोंबड्यांना दुसरी जागा मिळेल.

पाहणी ९ मेला सकाळी आठ वाजता आहे. उपस्थितांची यादी तू करणार आहेस. पहिले नाव हिरीचे लिही, आणि कोणत्या नात्याने उपस्थित या रकान्यात ‘दावेदार व ज्येष्ठ साक्षीदार’ असे लिही. माझे नाव सर्वांत शेवटी घे. त्या रकान्यात ‘सोबत’ एवढेच लिही.

चिमणमामा